अंतराळ कचरा निर्मूलन

निकामी उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि त्यांचे तुटलेले भाग कक्षेतून खाली ओढून वातावरणात जाळून टाकणे किंवा वर्दळीच्या कक्षेपासून दूर नेऊन ठेवणे म्हणजे अंतराळ कचरा निर्मूलन. साफसफाई म्हटले की सगळा कचरा झाडून काढायचा असे वाटते. पृथ्वीभोवती ते शक्य नाही. मोजक्या, अवजड आणि सर्वाधिक धोक्याच्या वस्तू हेरून त्या हटवणे, एवढेच या कामाचे खरे स्वरूप आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार कक्षेत १० सेंटीमीटरहून मोठ्या वस्तू ५० हजारांच्या वर आहेत. त्यांत चालू उपग्रहही आले. १ ते १० सेंटीमीटरचे तुकडे १० लाखांहून अधिक आणि १ मिलिमीटर ते १ सेंटीमीटरचे कण १३ कोटींहून अधिक आहेत. खालच्या कक्षांतल्या वस्तूंचा जमिनीवरच्या रडारने नियमित माग ठेवता येतो, तो साधारण १० सेंटीमीटरपर्यंतच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून सोडला गेला. ९९० ग्रॅम वजनाच्या त्या ठोकळ्याची बाजू जवळपास एवढीच, म्हणजे १० सेंटीमीटर होती. त्याहून लहान बहुतेक तुकडे कोणत्याही यादीत नसतात, आणि तेच अधिक घातक ठरतात, कारण त्यांना चुकवता येत नाही.

घातकपणा येतो तो वेगातून. खालच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या वेगाने पुण्याहून मुंबई गाठायला वीस सेकंद पुरतील. दोन वस्तू वेगवेगळ्या दिशांनी येऊन धडकल्या, तर सापेक्ष वेग सेकंदाला १० किलोमीटरपर्यंत सहज जातो. एक सेंटीमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची भरीव गोळी जेमतेम दीड ग्रॅमची असते. पण एवढ्या वेगाला तिच्यात जितकी ऊर्जा असते, तितकी ताशी ४३ किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीत असते. १९८३ मध्ये ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला होता, तो रंगाच्या एका टवक्याने.

हा कचरा वाढला तो मुख्यतः स्फोटांमुळे. टाक्यांत उरलेले इंधन आणि जुन्या बॅटऱ्या कित्येक वर्षांनी फुटतात. त्यात मुद्दाम केलेल्या चाचण्यांची भर पडली. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपलाच ‘फेंगयुन-१सी’ हा हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला आणि नोंद घेण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. तुकड्यांचा वेग कमी करून त्यांना खाली ओढणारी हवा इतक्या उंचीवर जवळजवळ नसतेच, म्हणून त्यांतले बरेच आजही फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ रोजी आपलाच उपग्रह फोडून केलेली ‘मिशन शक्ती’ चाचणी तीनशे किलोमीटरहून कमी उंचीवर होती, त्यामुळे तिचे बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. तरीही काही तुकडे बरेच वर उडाले होते. अशी चाचणी कमी उंचीवर केली तरी ती निर्धोक ठरत नाही, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. १० फेब्रुवारी २००९ रोजी ‘इरिडियम-३३’ हा चालू अमेरिकी दळणवळण उपग्रह आणि ‘कॉसमॉस-२२५१’ हा मृत रशियन उपग्रह सायबेरियावर ७८९ किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ती पहिलीच टक्कर होती.

टकरीतून तुकडे होतात आणि त्या तुकड्यांमुळे पुढच्या टकरी होतात. ही साखळी ‘नासा’चे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी १९७८ मध्येच गणिताने मांडली होती. निर्मूलनामागचा विचार इथूनच सुरू होतो. मोठी वस्तू हटवली, तर उद्याचे हजारो तुकडे आजच टळतात. तज्ज्ञांनी काढलेल्या सर्वाधिक धोकादायक वस्तूंच्या यादीत अग्रभागी आहेत त्या सोव्हिएत काळातील झेनिट रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यांच्या नळकांड्या. प्रत्येकी सुमारे ९ टनांच्या या नळकांड्या ८४० किलोमीटरच्या आसपास फिरत आहेत. एप्रिल २०१२ मध्ये संपर्क तुटून मुका झालेला ८ टनांचा ‘एन्व्हिसॅट’ हा युरोपीय उपग्रहही याच पंगतीतला.

पकडायचे कसे, हा अभियांत्रिकीचा मोठा प्रश्न आहे. या वस्तूंना धरायला कडी नाही, त्या संदेशाला उत्तर देत नाहीत आणि बऱ्याचशा गिरक्या घेत असतात. चुकीचा धक्का बसला तर पकडणाराच कचऱ्यात जमा होतो. ‘रिमूव्हडेब्रिस’ या ब्रिटिश नेतृत्वाखालील मोहिमेने सप्टेंबर २०१८ मध्ये जाळे फेकून पाहिले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये भाला मारून पाहिला. दोन्ही प्रयोग जमले, पण लक्ष्य स्वतःच सोबत नेलेले होते. जपानच्या ‘ॲस्ट्रोस्केल’ कंपनीचा ‘एड्रास-जे’ उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला आणि २००९ पासून फिरत असलेल्या, ११ मीटर लांब, तीन टनांच्या एच-२ए रॉकेटच्या टप्प्यापासून १५ मीटरपर्यंत पोहोचला. हात न लावता त्याने चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली. पुढची मोहीम यंत्रहाताने हाच टप्पा धरून खाली आणणार आहे. ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेतून काही खाली आणणे परवडत नाही, म्हणून तिथले उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर वरच्या ‘स्मशान कक्षे’त ढकलतात. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या ‘शिजियान-२१’ने ‘बैदू’ या चिनी दिशादर्शन मालिकेतला एक मृत उपग्रह असाच ओढून नेला.

खरी अडचण मालकीची आणि पैशाची आहे. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार वस्तू मेली तरी ती ज्या देशाच्या नोंदणीत आहे त्याच्याच ताब्यातली मानली जाते. परवानगीशिवाय तिला इतरांनी हात लावायचा नाही. आणि हटवण्याचा खर्च कुणी द्यायचा, याला उत्तर नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेची कचरावेचक ताई दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा नेते, आणि घराघरातून तिला दरमहा शुल्क मिळते. ज्याचा कचरा, त्याने पैसे द्यायचे, हे साधे तत्त्व कक्षेत अजून रुजलेले नाही. १९७२ च्या दायित्व करारात भरपाईची तरतूद आहे, पण ती नुकसान झाल्यानंतरची. ‘कॉसमॉस-९५४’ हा अणुभट्टीवाला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनडियन डॉलर दिले.

त्यामुळे आज तरी सर्वांत स्वस्त निर्मूलन म्हणजे आपला उपग्रह शुद्धीवर असतानाच खाली आणणे. काम संपल्यावर २५ वर्षांत कक्षा मोकळी करावी, हा जुना संकेत. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये तो खालच्या कक्षांसाठी पाच वर्षांवर आणला. इस्रोचे एक उदाहरण यासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. चिनी चाचणीच्या आदल्याच दिवशी, १० जानेवारी २००७ रोजी, ‘कार्टोसॅट-२’ सोडला गेला. आपोआप खाली यायला त्याला सुमारे तीस वर्षे लागली असती. इस्रोने २६ किलो इंधन खर्चून त्याची कक्षा ६३० वरून ३८० किलोमीटरवर आणली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर जळाला. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा, सरकारी तशाच खासगी, कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने जाहीर केले आहे.

नियंत्रण न ठेवता खाली येऊ दिलेल्या रॉकेटचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. आसपास गोलाकार टाक्याही सापडल्या. हे चिनी लाँग मार्च रॉकेटचे अवशेष मानले जातात.

हा कचरा पुण्याच्या आकाशातही दिसतो. सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत सिंहगडाच्या माथ्यावर किंवा गावाबाहेर अंधाऱ्या जागी थांबावे. खाली रात्र झालेली असते, पण पाचशे किलोमीटरवर अजून ऊन असते. लाल-पांढरे दिवे लुकलुकले तर ते विमान. एकसारख्या प्रकाशाने सरकणारा ठिपका बहुधा चालू उपग्रह. ठिपका ठरावीक अंतराने झळकत आणि मंदावत जात असेल, तर ते बहुधा गिरक्या घेणारे रॉकेटचे नळकांडे समजावे. दोन झळाळ्यांमधला वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजता येतो. वस्तू किती जोरात फिरते आहे आणि तिला धरता येईल का, हे ठरवताना तज्ज्ञही दुर्बिणीने हीच झळाळी नोंदवतात. नळकांडे आडवे आले की उजळते आणि एका फेऱ्यात ते दोनदा आडवे येते, म्हणून मोजलेल्या वेळेची दुप्पट केली की एका गिरकीचा काळ मिळतो.