बिंदूवर टोचलेली गुंगी : एका पशुवैद्यकीय पद्धतीची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावर तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस भर गर्दीत निवांत उभी राहून धार देते. तीच म्हैस मोडलेले शिंग कापण्यासाठी खोड्यात घेतली, की चार माणसांनाही आवरत नाही. अशा वेळी गुंगीचे औषध द्यावे लागते. पण रवंथ करणाऱ्या जनावराला ते फार जपून द्यावे लागत असल्याने, कमी औषधात काम साधण्याची आशा दाखवणाऱ्या पद्धतीकडे आपल्यासारख्या दुभत्या जिल्ह्याने लक्ष द्यायला हवे. अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे शरीरावर ठराविक ठिकाणी सुई टोचून करायच्या उपचाराच्या, बिंदूवर औषध टोचणे ही अशीच एक पद्धत आहे.

जनावरांवरील सुईच्या उपचाराचे मूळ चीनमध्ये आहे. तिथली परंपरा त्याचे श्रेय बो ले या प्राचीन अश्वपारख्याला देते, आणि 1608 च्या सुमारास यू बंधूंनी लिहिलेल्या अश्वचिकित्सेच्या ग्रंथात या उपचाराला स्थान आहे. ती सुई मात्र भरीव होती. त्वचेखाली औषध सोडणारी पोकळ सुई आणि पिचकारी युरोपात 1853 च्या आसपास आली, आणि बिंदूवर द्रव टोचण्याची रीत चीनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास रुळली. तिला तिथे ‘पाण्याची सुई’ म्हणतात.

गुंगीच्या औषधाचा इतिहास सुईच्या उपचाराहून खूप अलीकडचा आहे. जर्मनीच्या बायर कंपनीत 1962 मध्ये झायलाझिन हे औषध तयार झाले ते माणसाचा रक्तदाब उतरवण्याच्या शोधात. त्याने जनावरे गुंगतात हे लक्षात आल्यावर ते पशुवैद्यकाच्या पेटीत आले. घोड्याला जेवढे लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गाय गुंगते. मात्रा थोडी वाढली तरी जनावर आडवे होते, लाळ गळू लागते, कोठीपोटाची (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटाची) हालचाल मंदावून वायू साठतो, पोट फुगते, आणि पोटातले पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरले तर जीवावर बेतते. शिवाय हे औषध गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, त्यामुळे दिवस भरत आलेल्या गाभण जनावराला ते देणे टाळतात. ज्याचे घर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालते, त्या माणसाला हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा प्रश्न साधा होता : योग्य बिंदूवर टोचले तर थोडक्या औषधाने भागेल का? ब्राझीलच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोड्यांवरील प्रयोगात अ‍ॅसेप्रोमाझिन या दुसऱ्या शामक औषधाचा दहावा हिस्सा शेपटीच्या मुळाखालच्या बिंदूवर दिला. अर्ध्या तासाने गुंगीची लक्षणे दिसली, पण तासाभराने ती फक्त पूर्ण मात्रा मिळालेल्या घोड्यांत उरली. नुसते सलाईन त्याच बिंदूवर टोचलेल्या घोड्यांतही सुरुवातीला काही परिणाम दिसला होता. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची नोंद हीच आहे, कारण परिणामातला औषधाचा वाटा किती आणि टोचण्याचा किती, हा प्रश्न तिने उघड केला. कुत्र्यांमध्ये दोन डोळ्यांच्या मधला आणि डोक्याच्या माथ्यावरचा, असे बिंदू पुढे तपासले गेले.

गाई-म्हशींच्या बाबतीत ‘बाय हुई’ या बिंदूचे नाव वारंवार येते. कमरेच्या शेवटच्या मणक्यावरून अंगठा मागे सरकवत नेला, की त्रिकास्थीच्या (कमरेमागच्या त्रिकोणी हाडाच्या) अलीकडे एक खळगा लागतो आणि अंगठा किंचित आत दबतो. तोच हा बिंदू. मात्र याच खळग्यातून सुई आणखी खोल गेली तर ती मज्जारज्जूच्या आवरणालगतच्या जागेत पोहोचते आणि तिथे झायलाझिन स्वतःच्या बळावर मागचा भाग बधिर करते. म्हणून म्हशीवर ही पद्धत तपासायची तर सुईची खोली नोंदवणे आणि तेवढेच औषध दुसऱ्या जनावराच्या मानेत टोचून तुलना करणे, या दोन्ही गोष्टी अटळ आहेत.