पार्श्वभूमी : हंपीची रथबीदी रिकामी कशी झाली

विरूपाक्ष मंदिराच्या पूर्व गोपुरापासून मोठ्या नंदीपर्यंत साधारण पाऊण किलोमीटरचा सरळ रस्ता जातो. तीच रथबीदी, म्हणजे देवाचा रथ ओढण्याचा रस्ता, आणि हाच हंपीचा बाजार. दोन्ही बाजूंच्या दगडी मंडपांत आज कोणी राहत नाही, आणि पहिल्यांदा आलेला माणूस ही विजयनगरच्या राजधानीच्या 1565 मधल्या विध्वंसाचीच खूण समजतो. प्रत्यक्षात हा रस्ता रिकामा झाला तो 2011 मध्ये.

राजधानी उद्ध्वस्त झाली तरी विरूपाक्षाची पूजा थांबली नाही, असे मानले जाते. थोड्या अंतरावरच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा मात्र रिकामा आहे. पंढरीची मूर्ती इथे नेली आणि ती परत आणली, ही वारकरी परंपरेतली कथा मराठी वाचकाला सांगायला नको. विरूपाक्षाच्या देवळात वर्दळ राहिली, म्हणून बाजारही राहिला. 1520 च्या सुमारास आलेल्या एका पोर्तुगीज प्रवाशाने या रस्त्यावरची सज्जांची घरे आणि यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागा यांचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे विसाव्या शतकात लोकांनी याच मंडपांच्या खांबांमध्ये विटांच्या भिंती घातल्या, खानावळी काढल्या, पूजासाहित्याची दुकाने मांडली, मागे संसार थाटले.

1986 मध्ये हंपी जागतिक वारसा यादीत आली. 1999 मध्ये, मुख्यतः तुंगभद्रेवर बांधल्या जाणाऱ्या झुलत्या पुलांमुळे, तिचे नाव धोक्यातल्या स्थळांत गेले. मग राज्याने कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले, आणि 2006 मध्ये नाव त्या यादीतून निघाले. त्याच पुलांपैकी आनेगुंदीचा पूल 2009 च्या जानेवारीत बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि त्यात मजुरांचे जीव गेले.

यानंतर प्रशासनाचा रोख बाजाराकडे वळला. न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन 29 जुलै 2011 ला बुलडोझर आले. चोवीस तासांचीही मुदत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. खांबांना खिळे ठोकले होते, सिमेंट थापले होते, सांडपाण्याची सोय नव्हती. हे सगळे खरे होते. पण त्यावर दुरुस्ती, नियम, परवाने असे मार्ग होते. ज्या रस्त्याची रचनाच देवळाला येणाऱ्या माणसांसाठी झाली, त्यातली माणसे काढून वारसा जपला म्हणणे मला पटत नाही. शिवाय ते पाडकाम यंत्रांनी झाले, आणि त्यात जुन्या दगडी खांबांनाही इजा झाल्याचे आक्षेप अभ्यासकांनी घेतले. तीनशेहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली. त्यांना सुमारे चार किलोमीटरवर कड्डीरामपुरात जागा देऊ केल्या गेल्या, पण देवळाच्या दारात फुले-नारळ विकणाऱ्याचे गिऱ्हाईक तिथे कुठून येणार?

नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरची हॉटेले 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पाडली गेली. त्या बाजूने फार आवाज उठला नाही. तिथे मुख्यतः परदेशी पाहुण्यांचा व्यवसाय होता, आणि बाजारासारखा देवळाशी जोडलेला संसार नव्हता.

म्हणून आज मंदिराजवळ मुक्काम करायचा तर बाजाराच्या उत्तरेला, नदीच्या बाजूच्या जनता प्लॉटमधली घरगुती लॉज उरतात. बाकीच्यांना कमलापूर किंवा होसपेट गाठावे लागते. चैत्रातल्या रथोत्सवाला यायचे असेल तर खोली बरीच आधी धरून ठेवावी.