विंडोज ११: वरून अपग्रेड की फॉरमॅट मारून नवं?

नाशिकमध्ये जुना कॉम्प्युटर दुकानात नेऊन ‘विंडोज ११ टाकून द्या’ म्हटलं, की दुकानदार दोनपैकी एक काम करतो आणि कोणतं ते बहुतेक वेळा सांगत नाही. एक तर आहे त्या विंडोज १० वरच अपग्रेड चालवतो, नाहीतर पेन ड्राइव्ह लावून फॉरमॅट मारतो. मशीन परत आल्यावर दोन्हींत स्क्रीन सारखीच दिसते, स्टार्टचं बटण तळाशी मधोमध. फरक कळतो तो हिशेबाचं टॅली उघडायला गेल्यावर.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा प्रश्न आता घरोघरी आहे.

अपग्रेडमध्ये सेटअप चालू विंडोज १० च्या आतून चालतो: विंडोज अपडेटमधून, इन्स्टॉलेशन असिस्टंटमधून किंवा आयएसओ फाइल (विंडोजच्या सेटअप डिस्कची एका फाइलमधली प्रत) उघडून. जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये सरकवलं जातं. प्रोग्राम, युजर, पासवर्ड, प्रिंटर, फॉन्ट नव्यात तसेच येतात. फॉरमॅटमध्ये मशीन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, पुसलं जातं आणि कोरं विंडोज बसतं. ऑफिस, टॅली, प्रिंटर, सगळं पुन्हा टाकायचं.

या दोन्हींच्या मधला एक पर्याय आयएसओवाल्या सेटअपमध्ये असतो, ‘कीप पर्सनल फाइल्स ओन्ली’. यात फाइली राहतात, प्रोग्राम जातात. ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ हा पर्याय करडा दिसत असेल तर पुढे नेक्स्ट दाबू नका. बहुतेक वेळा भाषा जुळत नसते: मशीनवरचं विंडोज युनायटेड किंगडम इंग्लिश आणि उतरवलेली आयएसओ युनायटेड स्टेट्सची, किंवा उलट. ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ ही आयएसओ घेतली की यूकेवाल्यांचं काम होतं. ३२ बिट विंडोज १० वरून मात्र अपग्रेड होतच नाही, कारण ११ फक्त ६४ बिट आहे.

जुन्या मशीनवर अपग्रेड होत नाही पण फॉरमॅट मारला की ११ चालतं, असा एक समज आहे. अटी दोन्हींना एकच आहेत: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) आणि त्यातलं सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि ढोबळमानाने इंटेलची ८वी पिढी, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा प्रोसेसर. फॉरमॅटच्या वेळी ते ‘चालतं’ ते बहुधा रूफस या सॉफ्टवेअरने बनवलेल्या पेन ड्राइव्हमुळे, ज्यात ही तपासणी काढून टाकलेली असते. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हातानेच टाकावी लागते. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ (२०२४ची आवृत्ती) आणि पुढच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत. विंडोजला लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत, तिथे रूफसचाही इलाज नाही.

दुसऱ्या टोकाला, २०१८ नंतरच्या कितीतरी मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. रनमध्ये (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की उघडतं) ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करून पाहा. सापडलं नाही तर बायोसमध्ये इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा.

आता ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त डेटा जातो ते. ‘सी ड्राइव्हच पुसतो, डीला हात लागत नाही’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. जुन्या मशीनवर ते खोटं ठरू शकतं. रनमध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाकून ‘बायोस मोड’ बघा. तिथे ‘लेगसी’ असेल तर डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, म्हणजे पार्टिशनची नोंद जुन्या पद्धतीने ठेवणारी; नवी पद्धत ती जीपीटी. मशीन यूईएफआयवर आणून फॉरमॅटला बसलात, की सेटअप सांगतो: ही डिस्क एमबीआर आहे, विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसेल. मग माणूस सगळी पार्टिशन एकामागून एक डिलीट करतो. डीसुद्धा, ई सुद्धा. शिवाय त्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं नसतात. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन ३’ अशी नावं आणि पुढे आकार असतो. सी आणि डी दोन्ही २३० जीबीच्या आसपास असतील तर ओळखणार कसं?

अपग्रेडच्या वाटेने जायचं तर विंडोजमधलंच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे कमांडचं साधन डेटा न पुसता डिस्क बदलतं. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवायचं, मग ‘कन्व्हर्ट’, आणि दोन्हीपुढे ‘अलाउ फुल ओएस’ जोडायचं. अट अशी की प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन अजिबात नको. आपल्याकडे असेम्बल केलेल्या जुन्या मशीनवर डी, ई बहुधा लॉजिकलच केलेले असतात, म्हणून व्हॅलिडेट नापास होतं. तिथे त्यांतला डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढणं, ती पार्टिशन काढून टाकणं आणि मग कन्व्हर्ट करणं, एवढाच सरळ मार्ग. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये लेगसी बंद करून यूईएफआय करायचं, नाहीतर मशीन सुरू होणार नाही. त्यानंतर स्क्रीन काळीच राहिली आणि ग्राफिक्स कार्ड खूप जुनं असेल, तर ते काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा.

सीवर असं काय असतं जे लक्षात येत नाही? डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स तिन्ही. आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात सगळी मेल असते. टॅलीप्राइमचा डेटा, तो सांगितल्याशिवाय सीवरच्या ‘युजर्स, पब्लिक’ फोल्डरमध्ये बसतो. फॉरमॅट मारणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सोपं जातं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आसपास ज्यांची ऑफिसं आहेत त्यांच्यासाठी आणखी एक: डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी असले जुने फॉन्ट युनिकोड नसतात. फॉरमॅटनंतर प्रतिज्ञापत्राची फाइल उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. अपग्रेडमध्ये फॉन्ट सोबत येतो. फॉरमॅट करायचाच असेल तर विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. डिजिटल सहीच्या टोकनचा आणि कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरचा ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवावा.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्राम पाठवणारा जो कॉम्प्युटर आरएस-२३२ केबलने जोडलेला असतो आणि ज्याचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावलेल्या डोंगलवर (लायसन्सची किल्ली) चालतं, त्याला दोन्ही प्रकार करू नका. त्याचं इंटरनेट तोडा आणि चालतंय तसं चालू द्या.

अपग्रेड अडकतो तो ठरावीक कारणांनी. सीवर निदान ३० जीबी मोकळी हवी. एरर कोडमध्ये ‘सी१९००१०१’ दिसलं तर दोष ड्रायव्हरचा धरून चाला: बाहेरचा अँटिव्हायरस काढा, कीबोर्ड-माऊस सोडून सगळं यूएसबी उपसा, पुन्हा चालवा. ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असं आलं तर १०० एमबीचं ते छोटं पार्टिशन भरलेलं असतं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, बायोस बदलल्यावर ती मागितली जाते. आणि वळवाच्या दिवसांत यूपीएसशिवाय दुपारनंतर सुरुवात करू नका. हार्ड डिस्कवर अपग्रेडला तीन-चार तास सहज लागतात.

फॉरमॅटची अडचण वेगळी. विंडोज ११ होम बसताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, वाय-फायचा ड्रायव्हर नसला तर तिथेच खोळंबा. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. अपग्रेडमध्ये जुनं लोकल अकाउंट तसंच चालतं. लायसन्सची चिंता दोन्हींत नाही, कारण ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं. फॉरमॅटमध्ये ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडून तीच आवृत्ती घ्यायची, होम असेल तर होम. ॲक्टिव्हेटर, म्हणजे खोटं लायसन्स लावणारं सॉफ्टवेअर, मारून चालवलेल्या विंडोज १० ला मात्र कुठल्याही वाटेने खरं लायसन्स मिळत नाही.

फॉरमॅटने मशीन पळायला लागतं हे अर्धंच खरं. फिरणारी हार्ड डिस्क तशीच ठेवली तर चार दिवसांत पुन्हा तोच संथपणा. २५६ जीबीची साटा एसएसडी घाला, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करा आणि मग अपग्रेड चालवा. हिशेबाच्या मशीनसाठी हाच क्रम बरा. व्हायरस शिरलेलं, ॲक्टिव्हेटर मारलेलं किंवा कुणा तिसऱ्याकडून घेतलेलं मशीन असेल तर अपग्रेड नकोच, तो कचराही सोबत आणतो.

अपग्रेड पटला नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांत ‘गो बॅक’ करता येतं. तोवर डिस्क क्लीनअप चालवून विंडोज डॉट ओल्ड उडवू नका. फॉरमॅटला परतीची वाट नाही. तरी दुकानातून आलेल्या मशीनचा सी ड्राइव्ह एकदा उघडून बघा: पार्टिशन न पुसताच नवं विंडोज टाकलेलं असेल तर तिथेही विंडोज डॉट ओल्ड सापडतं, आणि त्यातल्या ‘युजर्स’मध्ये जुना डेस्कटॉप जसाच्या तसा असतो. तो त्याच दिवशी बाहेर कॉपी करून घ्या, विंडोज ते फोल्डर काही दिवसांनी आपणहून पुसून टाकतं.