दीर्घिकांची उफणणी

व्हॉट्सॲपवर एक फोटो अधूनमधून फिरत असतो: निळसर धागे मागे सोडत निघालेली दीर्घिका, आणि खाली ‘ब्रह्मांडातील दैवी जेलीफिश’. दैवी वगैरे काही नाही हो. तिला शेजार भोवलाय.

मोकळ्यावर राहणाऱ्या दीर्घिका बहुतेकदा सर्पिल, निळसर असतात. दाटीच्या दीर्घिकासमूहात मात्र लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार, पिवळट दीर्घिकांचंच राज्य. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी 1980 मध्ये 55 समूह तपासून दाखवलं, की दाटी वाढेल तशी सर्पिलांचं प्रमाण घटत जातं. टकरी, विलीनीकरण ही कारणं आहेतच. माझं लाडकं कारण वेगळं आहे.

समूहातली ‘रिकामी’ जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून जास्त दीर्घिकांचा असाच एक समूह आहे. पत्रिकेत त्यांना अजून कुणी घर दिलेलं नाही. वायू इतका विरळ, की घनमीटरमागे जेमतेम काही हजार कण. तो काय बिघडवणार? पण स्कूटरवर बसलं की वारा पडलेला असतानाही ओढणी फडफडतेच ना! समूहात पडणारी दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने जाते. समोरून बसणारा दाब म्हणजे समूहातल्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट, तर दाब चौपट. उलट बाजूला दीर्घिकेची स्वतःच्या वायूवरची पकड: 2π गुणिले गुरुत्व स्थिरांक, गुणिले तिच्या चपट्या तबकडीच्या दर चौरस मीटरमधलं ताऱ्यांचं वस्तुमान, गुणिले तेवढ्याच जागेतल्या तिच्या वायूचं वस्तुमान. हा हिशेब गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडला. कडेला दोन्ही वस्तुमानं कमी, म्हणून दीर्घिकेचा वायू तिथूनच आधी सुटतो.

आणि तारे? खळ्यावर उफणताना दाणे पायाशी पडतात, भूस वाऱ्यावर जातं, तसंच. तारे एवढे घट्ट, की वाऱ्याला ते जाणवतही नाहीत. पण वायू गेला की नवे तारे नाहीत. सर्पिल भुजा उजळवणारे निळे, भारी तारे काही कोटी वर्षांतच संपतात. भुजा विझतात, पिवळट तबकडी उरते. ती भिंगाकार. लंबवर्तुळाकार व्हायला मात्र एवढ्याने भागत नाही, ताऱ्यांच्या कक्षाच विस्कटाव्या लागतात.

2015 मध्ये सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेच्या अतिनील दुर्बिणीने जेओ201 नावाची अशीच एक जेलीफिश टिपली आहे. तबकडीबाहेर, वाऱ्याने ओढून नेलेल्या वायूत, ठिकठिकाणी अतिनील ठिपके चमकताना दिसतात: उडालेल्या भुसातच जन्मलेले कोवळे तारे.