शेतजमीन घराण्यात का टिकते, का जाते: बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात शेतजमीन विकत घेणाऱ्याने दराच्या आधी एक तारीख लक्षात ठेवावी: १ मार्च १९७४. त्या दिवशी इथली कुळांच्या वहिवाटीतली सगळी जमीन कायद्याने सरकारकडे गेली आणि पुढे अर्जाअर्जाने कुळांच्या नावावर आली. आज बाजारात येणाऱ्या अनेक जमिनींची मालकी त्या घडामोडीतून आलेली आहे. शेतीत पैसा घालून नातवंडांसाठी मालमत्ता उभी करायची असेल, तर त्या जमिनीचा मागचा प्रवास कळलाच पाहिजे. इथे घराण्यांच्या जमिनी दुष्काळाने जेवढ्या गेल्या, तेवढ्याच अर्धवट राहिलेल्या कागदानेही गेल्या.

प्रवास मुंबई इलाख्यापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथे रयतवारी पद्धतीची मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, मातीची प्रत आण्यांच्या हिशोबात ठरली आणि त्यावर सारा बसला. ही आकारणी साधारण तीस वर्षांसाठी कायम असे. त्या मोजणीचे टिप्पण (शेताच्या मापांचे कच्चे रेखाटन) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आजही भूमापन खात्यात मिळतात आणि आजही उपयोगी पडतात. सध्याच्या उताऱ्यावरचे क्षेत्र आकारबंदाशी जुळत नसेल, तर मधल्या एखाद्या फोडीत चूक झाली आहे असे समजावे. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन किती, ओढा कुठून जातो, वाट कुठे होती, हेही त्यातच सापडते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, पुढे हिस्से पडले आणि आजचा उतारा आकाराला आला.

सगळा मुलूख इंग्रजांचा मात्र नव्हता. बेळगावला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते आणि रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. संस्थानी गावांची दप्तरे १९४८ च्या विलीनीकरणानंतर एकत्र आली, त्यामुळे दोन शेजारच्या गावांच्या जुन्या कागदांची ठेवण वेगळी असू शकते. त्यात भर लिपीची. आजोबा-पणजोबांची खरेदीखते आणि वाटणीपत्रे मोडीत, पहाणी, म्हणजे आजचा उतारा, कन्नडमध्ये, घरातले बोलणे मराठीत. ट्रंकेतली मोडी खते जाणकाराकडून वाचून घेऊन त्यांचे देवनागरी लिप्यंतर आणि कन्नड भाषांतर करून ठेवणे हे खर्चाचे काम आहे, पण मालकीचा पहिला दुवा बहुधा तिथेच असतो.

इनामे आणि वतने १९५० नंतर बंद होत गेली: परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, वैयक्तिक इनामे १९५२ च्या कायद्याने, उरलेली गावकामगारांची वतने म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने. वतनाची जमीन वतनदाराला परत मिळाली, पण अटींसह. उताऱ्यावर किंवा फेरफारात इनाम, वतन असा शब्द दिसला, की पुनर्प्रदानाचा, म्हणजे जमीन परत दिल्याचा आदेश आणि त्यातल्या अटी मागून घ्याव्यात.

आणि मग सीमाभागाचे खास वळण. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कागल, गडहिंग्लजकडची कुळे कायद्याने मालक मानली गेली. बेळगाव जिल्हा मात्र १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला होता. अवघ्या पाच महिन्यांच्या फरकाने इथल्या कुळांची मालकी लांबणीवर पडली. म्हैसूरचा भूसुधारणा कायदा १९६१ चा, अंमल २ ऑक्टोबर १९६५ पासून, आणि कसणाऱ्याला खरी मालकी देणारी दुरुस्ती १९७४ ची. एकाच नदीच्या दोन काठांवरच्या, एकाच आडनावाच्या कुटुंबांमध्ये मालकीचे सतरा वर्षांचे अंतर पडले. त्या काळात बेळगावकडच्या मालकांनी पुष्कळ ठिकाणी कुळांकडून जमिनी काढून घेतल्या, नाहीतर तोंडी व्यवहारांत अडकवून ठेवल्या. आजचे कित्येक दावे त्या सतरा वर्षांतले आहेत.

१९७४ नंतर कुळाने फॉर्म नंबर सात भरायचा, तालुक्याच्या भून्यायमंडळाने चौकशी करायची आणि हक्क मान्य झाला की फॉर्म नंबर दहा द्यायचा, अशी रीत होती. अर्जाची शेवटची मुदत ३० जून १९७९ होती. अशी जमीन पंधरा वर्षे विकता येत नसे. घरातली वाटणी आणि बँकेचे गहाण तेवढे चाले. म्हणून खरेदीपूर्वी १९६५ ते १९७४ चे उतारे काढून बारावा रकाना पाहावा, कारण कसणाऱ्याचे नाव आणि पीक तिथे असते. मालकाच्या नावाखेरीज दुसरे नाव असेल, तर त्या नावाने फॉर्म सात भरला होता का आणि त्याचा निकाल काय लागला, हे तहसीलदार कचेरीतून लेखी घ्यावे. ‘कुळाने हक्क सोडला’ एवढ्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत.

याच कायद्याने जमीन खंडाने देण्यावर बंदी घातली. सैनिक, खलाशी असे थोडे अपवाद तेवढे ठेवले. म्हणून आजही इथला खंड आणि वाटा तोंडीच चालतो. शहरात नोकरी करून गावी जमीन घेणाऱ्याला याची झळ दोन्हीकडून बसते. लेखी करार करता येत नाही, त्यामुळे कसणाऱ्याला पीककर्ज किंवा नुकसानभरपाई मिळणे अवघड होते. कसणाराही वर्षापुरताच विचार करतो. शेणखत कोण घालणार, बांध कोण घालणार? दहा वर्षे वाट्याने दिलेल्या जमिनीचा कस उतरलेला असतो आणि तो भरून काढायचा खर्च कुणी हिशोबात धरत नाही.

बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नसे, हा नियमही १९७४ चाच. शेतीबाहेरच्या उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढली आणि २०१५ मध्ये २ लाखांवरून २५ लाखांवर गेली. २०२० च्या दुरुस्तीने ही बंधने घालणारी ७९-अ, ७९-ब, ७९-क ही कलमे रद्द झाली आणि कुणालाही जमीन घेण्याची वाट मोकळी झाली. रिंगरोड, बायपास, औद्योगिक वसाहतींच्या आसपासचे व्यवहार त्यानंतर बदलले. पण दुसरा एक कायदा जागेवर आहे आणि त्याने फसलेले खरेदीदार पुष्कळ आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन अटी मोडून किंवा परवानगीशिवाय विकली गेली असेल, तर १९७८ च्या कायद्याने तो व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. २०२३ च्या दुरुस्तीने अशा अर्जाला मुदतीचे बंधन राहिले नाही. हा कायदा न्यायाचाच आहे. ज्यांची जमीन कवडीमोलाने काढून घेतली गेली, त्यांच्यासाठी तो केला. मधल्या तीन-चार खरेद्या झालेली जमीन घेणाऱ्याने म्हणूनच पहिल्या मंजुरीपर्यंत मागे जावे.

आता पाण्याकडे. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. हिडकल आणि नविलुतीर्थ ही धरणे स्वातंत्र्यानंतरची, १९७० च्या दशकात पाणी देऊ लागलेली. उगार खुर्दला साखर कारखाना १९३९ मध्ये उभा राहिला होता, पण ऊस घरोघरी पोचला तो कालवे आणि नदीवरच्या उपसा योजनांनंतर. त्याआधी निपाणी भागात पैशाचे पीक म्हणजे विडीची तंबाखू. व्यापाऱ्याची उचल, जमिनीचे नजरगहाण (ताबा न देता गहाण) किंवा मुदतखरेदी (मुदतीत पैसे फेडले तरच जमीन परत, अशी खरेदी) आणि दर व्यापाऱ्याच्या हातात. १९८१ चे निपाणीचे आंदोलन आणि त्यातला गोळीबार या पार्श्वभूमीवर घडला. मुदतखरेदीतून परत न मिळालेल्या जमिनींची आठवण त्या भागात अजून ताजी आहे.

उसाने दराची हमी दिली. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात, घसरला की तेवढेच कमी होतात आणि ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी ३,२९० रुपये ५० पैसे मिळतात. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे नवखा गुंतवणूकदार विसरतो. पायाभूत उताराही वर चढत गेला आहे: २०१८-१९ पूर्वी ९.५, मग १०, आणि २०२२-२३ पासून १०.२५. त्यामुळे जाहीर झालेली सगळी दरवाढ शेतकऱ्याच्या पदरात पडली नाही. बिल १४ दिवसांत द्यावे, नाहीतर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. तरीही कुटुंबाचा हप्ता उसाच्या बिलावर बांधताना तीन-चार महिन्यांचा उशीर धरूनच चालावे.

पाण्याने दिले तसे नेलेही. कृष्णाकाठच्या चिकोडी, कागवाड, अथणी भागात भारी काळ्या जमिनीत पाटपाणी, सलग ऊस आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आले. भूजल वर आले, बाष्पीभवनाबरोबर क्षार पृष्ठभागावर साठले आणि पुढे सोडियम वाढून माती चोपण झाली. ही जमीन स्वस्तात विकायला येते. घेण्यापूर्वी पावसाळ्यानंतर दीड मीटरचा खड्डा घ्यावा. पाणी मीटरभराच्या आत लागले, तर निचऱ्याचा खर्च धरावा. माती दोन थरांतून तपासावी: क्षारता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर असेल तर क्षारपड, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयशील सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. क्षारपड जमीन सच्छिद्र पाइपांच्या भूमिगत निचऱ्याने सुधारते. चोपणाला त्याशिवाय जिप्सम लागते. मात्र पाइपांचे पाणी सोडायला खालच्या बाजूला ओढा हवा आणि शेजाऱ्यांची संमती हवी. एकट्याच्या दोन एकरांत ते क्वचित जमते. नदीकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर चढले, हे गावात विचारले की लगेच कळते.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्टीची गोष्ट निराळी. लाल माती, भरपूर पाऊस, भात, रताळी, काजू. सात बाय सात मीटरवर एकरी ८२ काजूची कलमे बसतात, तिसऱ्या वर्षी थोडे बी येते, आठव्या-दहाव्या वर्षी पूर्ण उत्पन्न सुरू होते आणि बाग पंचवीस-तीस वर्षे चालते. एका पिढीने लावून दुसरीने खावे असे हे पीक आहे. आमच्या मते, गावी कायम राहणारा माणूस नसलेल्या कुटुंबाने उसाआधी त्याचा विचार करावा. जंगलाला लागून असलेली जमीन मात्र वनखात्याच्या हद्दीशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

येळ्ळूर, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांतल्या भातजमिनींना रस्त्यांनी आणखी एक धडा दिला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई ठरते ती शासकीय दर किंवा आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्या किमतींची तीन वर्षांची सरासरी, यांपैकी जास्त असेल त्यावर. मुद्रांक वाचवायला गावाने वर्षानुवर्षे कमी किंमत दाखवली, तर संपादनात तीच किंमत समोर येते. कराचेही तसेच. ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, पण लाखाच्या वर आणि दहा लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरत नाहीत. बेळगाव याच गटात येते, म्हणजे आसपासची कितीतरी गावे त्या पट्ट्यात पडतात.

उरली वाटणी. इथली घराणी सर्वांत जास्त खचली ती इथेच. रस्ता आणि पाट प्रत्येकाला हवा, म्हणून शेत लांबीत चिरतात. ४१७ फूट चौरसाचे चार एकर आठ जणांत वाटले, तर प्रत्येकाला ५२ फूट रुंदीची अर्ध्या एकराची पट्टी येते. तीन-तीन फुटांचे सात बांध धरले, तर त्यांतच आठ गुंठे जातात. ट्रॅक्टर वळायला जागा उरत नाही ते वेगळेच. ज्यांनी जमीन एकत्र ठेवून उत्पन्नाची वाटणी केली, विहीर आणि वाट सामाईक लिहून ठेवली, त्यांची शेती उभी राहिली. लिहिताना बहिणींना वगळू नये. कर्नाटकाने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर सगळ्या मुलींना मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूमनामा शाबूत राहतो. तोंडी वाटणी सहसा टिकत नाही. म्हणून विक्रेत्याकडून तहसीलदाराची वंशावळ घ्यावी आणि त्यातल्या प्रत्येक जिवंत माणसाची खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे. हिस्सा घेत असाल तर मोजणी करून ११-ई नकाशा (विकल्या जाणाऱ्या हिश्श्याचा मोजणी नकाशा) आधी, नोंदणी नंतर.

खातेदार वारला की वारसाची नोंद, म्हणजे इथले पौती खाते, लगेच करावी. अजूनही पुष्कळ उताऱ्यांवर आजोबांचे नाव आहे. जिवंत माणसाच्या नावावर जमीन नसल्याने सोसायटीचे पीककर्ज अडते, पुराची भरपाई अडते. दुसरी पिढी गेली की वारस आठाचे तीस होतात, त्यांतले काही पुण्यात, काही गोव्यात, आणि एका सहीसाठी सगळे शिवार अडून बसते.