घटक व टाइप लायब्ररी यांची नोंदणी रद्द करणे

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये आणलेल्या 'कॉम' पद्धतीच्या घटकाच्या (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार भागाच्या) आणि त्याच्या टाइप लायब्ररीच्या विंडोज रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीतील, सर्व नोंदी काढण्याची क्रिया. टाइप लायब्ररी म्हणजे घटकाच्या इंटरफेसचे, त्याला काम सांगण्याच्या ठरलेल्या पद्धतींचे, वर्णन. फाइल डिलीट केली की घटक गेला, हा समज चुकीचा आहे. पीककर्ज फेडले तरी फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला सांगावे लागत नाही. रजिस्ट्रीचेही तसेच.

'रेगएसव्हीआर३२ /यू' ही आज्ञा स्वतः काहीच पुसत नाही. ती डीएलएलमधले (घटकाच्या फाइलमधले) नोंदणी रद्द करणारे फंक्शन फक्त चालवते. ते लिहिणाऱ्याने टाइप लायब्ररीचा विचार केला नसेल, तर 'सीएलएसआयडी'खालची (वर्गाच्या ओळखक्रमांकाखालची) वर्गाची नोंद जाते, काम यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि 'टाइपलिब'खालची नोंद जागेवर राहते. ती काढायला 'अनरजिस्टर टाइपलिब' हे वेगळे फंक्शन आहे. त्याला लायब्ररीचा जीयूआयडी हा १२८ बिटांचा ओळखक्रमांक, आवृत्तीचे दोन्ही आकडे, भाषा आणि ३२ की ६४ बिट, हे सगळे अचूक द्यावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीतील घटकांची नोंदणी करणाऱ्या 'रेगअ‍ॅझम'मध्ये '/अनरजिस्टर'सोबत '/टीएलबी' (टाइप लायब्ररी) द्यावे लागते. बरेच जण नेमके तेच विसरतात.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका भुईकाट्यावर प्रस्तुत नोंदकाराने याचा परिणाम पाहिला आहे. वजन वाचणाऱ्या घटकाची १.१ आवृत्ती बसवताना १.० चे फोल्डर सरळ डिलीट केले होते. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे, आणि एक्सेलच्या मॅक्रोत त्या लायब्ररीपुढे 'मिसिंग'. रजिस्ट्रीत 'टाइपलिब'खाली '१.०', त्याखाली '०', त्याखाली 'विन३२', आणि समोर नसलेल्या फोल्डरचा पत्ता! मागितलेली आवृत्ती तंतोतंत नोंदलेली असेल तर विंडोज तीच उघडायला जाते. ती नोंदच नसेल तर त्याच मुख्य क्रमांकाची सर्वांत पुढची आवृत्ती घेते. म्हणजे १.१ धडधाकट असूनही मागे राहिलेली १.० ची नोंद तिची वाट अडवत होती.

म्हणून आधी नोंदणी रद्द करावी, फाइल नंतर काढावी. फाइल आधीच गेली असेल तर त्याच आवृत्तीची प्रत जुन्या जागी ठेवून नोंदणी रद्द करणे हा रजिस्ट्री हाताने खरवडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे. मात्र एकच टाइप लायब्ररी दोन घटक वापरत असतील, तर एकासाठी ती काढल्यावर दुसऱ्याचे इंटरफेसही तुटतात. अशा वेळी ती मुद्दाम ठेवतात आणि शेवटच्या घटकाबरोबरच काढतात.