कार्ड ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली, असं नाही

परदेशात असताना क्रेडिट कार्डावरून कुणी पैसे उडवले तर ॲपमधून कार्ड ब्लॉक कसं करायचं, हे आता बहुतेकांना येतं. एवढंच लक्षात ठेवा, ॲपमधलं तात्पुरतं चालू-बंद हे पाकीट हॉटेलच्या खोलीत राहिलंय की काय, अशा शंकेपुरतं. न केलेला खर्च दिसला तर कार्ड कायमचंच ब्लॉक करा.

खरा घोळ त्यानंतर होतो. ब्लॉक केल्याने पुढचे व्यवहार थांबतात, गेलेले पैसे परत येत नाहीत. त्यासाठी न केलेल्या प्रत्येक व्यवहारावर वेगळी तक्रार, म्हणजे डिस्प्यूट, नोंदवावी लागते. फोनवरचा माणूस ‘कार्ड ब्लॉक झालंय’ म्हणाला की लोक निर्धास्त होतात आणि बाकीचं घरी गेल्यावर बघू म्हणतात. तिथेच नुकसान होतं.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. पॅरिसमध्ये सोमवारी ४२० युरोंचा मेसेज आला, तर मधे सुट्टी नसल्यास गुरुवारपर्यंत मुदत. सुट्ट्या तुमच्या शाखेच्या मोजायच्या, पॅरिसच्या नव्हे. ४ ते ७ कामकाजाचे दिवस लागले तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे १०,००० रुपयांपर्यंत, त्यावरच्या कार्डावर २५,००० रुपयांपर्यंत भार तुमचा. त्यापुढे बँकेचं धोरण ठरवेल ते. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

म्हणून फोन ठेवण्याआधी ‘डिस्प्यूट नोंदवला का?’ असं स्पष्ट विचारा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्याच दिवशी ईमेलही पाठवा: व्यवहाराची तारीख, रक्कम, दुकानाचं नाव, तक्रार क्रमांक. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी. बिलातली बाकीची रक्कम मात्र वेळेवर भरा.

हॉटेलने अनामत म्हणून अडवलेली रक्कम ही फसवणूक नव्हे. बहुधा ती आपोआप सुटते. पण ब्लॉक करण्याआधी मंजूर झालेला व्यवहार नंतरही बिलात चढू शकतो. तो तुमचा नसेल तर त्यावरही डिस्प्यूट टाका.

आणि फोनवर ‘कार्ड रद्द करा’ हे शब्द कृपया वापरू नका. रद्द म्हणजे खातंच बंद, आणि तेही सगळी थकबाकी भरल्यावर. तुम्हाला हवं असतं ते जुनं कार्ड ब्लॉक आणि नव्या क्रमांकाचं कार्ड. तसंच सांगा.

निघण्याआधी बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून कार्डापासून वेगळा ठेवा. १८०० चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, आणि कार्डामागचा नंबर कार्डाबरोबरच गेलेला असतो. रोमिंग नसेल तर मेसेजही पोचत नाहीत, म्हणून ईमेलवरच्या सूचना चालू करूनच विमानात बसा.